गाडीतला आवाज कमी करायचाय? आधी मोजा, मग पैसे काढा



लग्नसराई आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या की आपल्या आदिलाबादच्या घराघरांतून गाड्या निघतात. कुणी पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाटमार्गे नागपूरला, तर कुणी निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत हैदराबादला. रस्ता एकच, राष्ट्रीय महामार्ग ४४. नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. एवढे तास अख्खं कुटुंब एकत्र बसलेलं असतं, पण बोलणं फारसं होत नाही. पुढचे दोघं आपसात बोलतात, मागे मुलं कानात इअरफोन घालतात आणि आजी दोनदा "काय म्हणालास रे?" विचारून तिसऱ्यांदा गप्प बसते.

याला बऱ्याच अंशी रस्त्याचा आवाज जबाबदार आहे. तो कमी करायला बाजारात साउंडप्रूफिंग मिळतं आणि त्याबद्दल तुमच्यापैकी बरेच जण विचारत असतात. म्हणून या वेळी तोच विषय.

आधी थोडे आकडे. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. छोट्या हॅचबॅकमध्ये ताशी १०० च्या वेगाला आतला आवाज ७० च्या आसपास जातो. म्हणजे आपलं बोलणं त्या आवाजाखाली दबतं. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. ३ कमी झाले तर आवाजाची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला फरक थोडाच जाणवतो. कुणी "आवाज निम्मा करून देतो" म्हणालं, तर कुठला निम्मा ते विचारा.

आजीचा त्रास वेगळा आहे. वय वाढतं तशी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची क्षमता कमी होते. स, श, त, क यांसारखी व्यंजनं नेमकी त्या पट्टीत असतात, आणि जे काही उरलेलं ऐकू येतं ते टायरची घरघर झाकून टाकते. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे तिला कळतं, पण 'साडी' म्हणालं की 'गाडी' हे कळत नाही. ओरडून फार उपयोग होत नाही, कारण ओरडताना मुख्यतः स्वर मोठे होतात. "आजीला ऐकू येत नाही" असं म्हणण्याआधी गाडीकडेही बघायला हवं.

आवाज येतो तीन ठिकाणांहून. कमी वेगात इंजिनाचा, ५० च्या पुढे टायरचा आणि १०० च्या आसपास त्यात वाऱ्याचा. टायरचा आवाज दोन वाटांनी आत शिरतो. एक हवेतून, म्हणजे दाराच्या फटीतून आणि चाकावरच्या कमानीतून. दुसरी वाट सस्पेन्शनमधून थेट पत्र्यात. पत्रा थरथरतो आणि घुमतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम हळू चालला तर आधी वेळ नेमका कुठे जातोय ते मोजतात, मग कोड बदलतात. इथेही तेच. ७० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. त्यातला एक पूर्ण बंद केला तरी फायदा ३ चाच. वारा मागच्या दाराच्या फटीतून येत असताना डिक्कीला महागड्या शीट लावल्या, तर ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मोजायचं कसं? फोनवर आवाज मोजणारं मोफत ॲप घ्या. रस्त्याचा एकच तुकडा, वेग ८०, काचा बंद, एसीचा पंखा बंद. फोन चालवणाऱ्याच्या नाही, शेजारच्याच्या हातात. आकडा अगदी अचूक नसेल, पण आधी आणि नंतरचा फरक कळतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज बराच बदलला, तर टायरचा वाटा मोठा. दारात कागद ठेवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथलं रबरी बीडिंग गेलंय.

आता उपाय, स्वस्तापासून सुरू करू.

पहिला, हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना भरा. जास्त हवा भरली की टायर कडक होतो आणि खडबडीतपणा जास्त आत पोचतो.

दुसरा, टायर. जुना, कडक झालेला किंवा एका बाजूने झिजलेला टायर हमखास घोंगावतो. चाकाचं बेअरिंग गेलं तरी असाच आवाज येतो. तो मेकॅनिकला लगेच दाखवा, कारण तिथे प्रश्न सुरक्षेचा आहे.

तिसरा, बीडिंग. गेलेलं बीडिंग बदलणं हे साउंडप्रूफिंगच्या मानाने किरकोळ काम.

एवढं करून भागलं नाही, तर शीट. चांगली शीट ब्युटाइल रबराची असते, वरून ॲल्युमिनियमची. ती पत्र्याची थरथर शोषून घेते. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागांचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. बोटाने टकटक करून बघा, 'टण्ण' ऐवजी 'ठप्प' आवाज आला की पुरे. दारं आधी, मग डिक्कीचा तळ आणि मागच्या चाकांच्या कमानी. हवेतून येणारा आवाज अडवायला वेगळा, जड व्हिनाइलचा थर लागतो.

आपल्याकडे दोन गोष्टी जपायच्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभी गाडी त्याहून तापते. छताच्या गळतीसाठीच्या डांबरी शीट स्वस्त पडतात, पण तेवढ्या उष्णतेत त्या मऊ पडतात, वास मारतात आणि सुटून येतात. दुसरं म्हणजे पाऊस. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जातं. ती छिद्रं बुजली किंवा दारात पाणी शोषणारा स्पंज भरला, तर दार आतून गंजतं. साइड एअरबॅग असेल तर तिथल्या वायरींना हात लावू देऊ नका. नव्या गाडीची वॉरंटीही आधी विचारून घ्या.

एवढा खर्च करूनही फायदा बहुधा दोन-चार डेसिबलचा. आणि १०० वरून वेग ८० वर आणला तर टायरचा आवाज साधारण तेवढाच कमी होतो, फुकटात! नागपूरला पोचायला अर्धा तास जास्त लागेल. आजीला पुढच्या सीटवर बसवलं तर ती मागच्या चाकांपासून लांब राहते आणि चालवणाऱ्याच्या शेजारीच असते. एसीचा पंखा एक नंबरवर आणला की आणखी थोडी शांतता.

आपली मुलं शाळेत तेलुगू आणि इंग्रजीत बोलतात. आजीची मराठी सलग तीन तास ऐकायची संधी त्यांना एरवी घरात क्वचितच मिळते. तो अर्धा तास मला महाग वाटत नाही.

पुढच्या प्रवासात ८० आणि १०० च्या वेगाला आकडा मोजा आणि गाडीचं मॉडेल, टायरचं वय यांसह मंडळाकडे पाठवा. पुरेसे आकडे जमले तर पुढच्या अंकात तक्ता करून देतो.