क्रेडिटची शिदोरी

दोस्तांनो, अमेरिकेत दोन वर्षांची एक छोटी पदवी असते. तिचं नाव ‘असोसिएट डिग्री’. ती साधारण ६० क्रेडिटची. चार वर्षांच्या पदवीला १२० लागतात; म्हणजे निम्मी वाट इथंच सरते! हल्ली ती ऑनलाइन, आपल्या सवडीनंही करता येते. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. तासाची घंटा मात्र आपली आपणच वाजवायची, बरं का!

खरी मेख पुढंच आहे. ही शिदोरी घेऊन मोठ्या विद्यापीठात गेलं, की सगळी क्रेडिट्स मोजली जातातच असं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ साली अंदाज दिला, की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली. वेळही गेला, पैसाही!

मग करायचं काय? आधी जिथं पोचायचं ते विद्यापीठ ठरवायचं. कोणते विषय चालतील, ते त्यालाच लेखी विचारायचं. प्रवेश त्यानंतर!

आपल्याकडेही २०२१ पासून क्रेडिटची बँक आहे. तेव्हा ताई-दादा कॉलेज बदलायला निघाले, की तुम्हीच विचारा हं, “लेखी उत्तर आलं का?”