बंडखोरीचे दहा गुण

पंक रॉकची पहिली गाणी ५० वर्षांपूर्वीची. तरीही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना ती अजून का भावतात? मराठीच्या प्राध्यापकांनी या प्रश्नात पडू नये, असे कोणी म्हणेल. पण आमच्या पनवेलच्या वर्गातली काही मुले ती ऐकतात, आणि त्यावर दिले जाणारे ठरीव उत्तर आम्हाला फार ओळखीचे वाटते. ‘तारुण्यातला संताप आहे, वयाबरोबर ओसरेल’, असे ते उत्तर. साठोत्तरी अनियतकालिकांचीही अशीच बोळवण झाली होती. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. संतापाची गाणी आधीही होती, नंतरही झाली. त्यांतली बहुतेक आज कोणी ऐकत नाही.

टिकले ते दुसरेच काही. रॅमोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ची. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपणारी, सुमारे ६,४०० डॉलरांत उरकलेली. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे पत्रक टंकलेखन करून, मथळे हाताने लिहून, झेरॉक्स काढून विकायला सुरुवात केली. १९७७च्या आरंभी मँचेस्टरच्या बझकॉक्सने उसनवारी करून स्वतःची तबकडी स्वतःच काढली, आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले तेही वेष्टनावर छापले. ही वस्तू कशी बनली हे ऐकणाऱ्याला दिसत होते. दिसले की ‘हे मलाही जमेल’ असे वाटते. पंकचे आवाहन आहे ते इथे.

आता आपल्याकडे या. १९५४ साली मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढले तेव्हा चित्रे जेमतेम सोळा वर्षांचे होते. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘विद्रोह’. संपादकाच्या होकाराची वाट न पाहता छापणे, ही या सर्वांतली समान गोष्ट. तेव्हा ‘मराठीतले पंक’ असा किताब या मंडळींना देण्याचे कारण नाही. ‘शब्द’ पंकच्या वीसएक वर्षे आधीचे आहे. त्याला लंडनचे प्रशस्तिपत्र नको.

‘म्हणजे कौशल्य नकोच का?’ असा आक्षेप येईल. कोलटकर हे जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलावंत होते. अक्षर, मांडणी, कागद यांची त्यांच्याइतकी जाण क्वचितच कोणाला असेल. साधन साधे निवडणे आणि अंगी कसब नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंची गल्लत करणारे समीक्षक पंकलाही तीन स्वरमेळांचा गोंगाट म्हणतात.

ही धार अजून बोचते याचा पुरावा हवा असेल, तर वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ घ्या. १९९४ साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात पुन्हा छापली गेली आणि खटला झाला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने संपादकाला मोकळे केले. कवीला मात्र खटल्याला तोंड द्यावे लागेल, असे ठरवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका बँकेने सेक्स पिस्टल्सच्या मुखपृष्ठांची क्रेडिट कार्डे बाजारात आणली. बंड पचवण्याचे हे दोन मार्ग. तिसरा आमचा: अभ्यासक्रम.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकासाठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने कविता दिली. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. त्यांतल्या एका गावचा तो. कवितेत एक शिवी होती, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि घर पाडण्याच्या आदल्या रात्री देव कोणी न्यायचे यावरून भावाभावांत झालेले भांडण होते. आम्ही ती लावली नाही. ‘भाषेवर जरा काम करून आण’, म्हणालो. त्याच आठवड्यात त्याच्याच वर्गात आम्ही ‘साठोत्तरी कवितेतील बंडखोरीची वैशिष्ट्ये’ शिकवत होतो. प्रश्न दहा गुणांचा.

तो परत आला नाही. दोन महिन्यांनी उपाहारगृहात त्या कवितेच्या झेरॉक्स प्रती फिरताना दिसल्या. किंमत दोन रुपये. आम्ही एक विकत घेतली. शिवी जागेवर होती, चुकाही. भांडण मात्र आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचता आले.

म्हणून आमचे सहव्यवसायिकांना सांगणे आहे. बंडखोरीची वैशिष्ट्ये जरूर शिकवा. पण आपल्या विभागातला एक फलक प्राध्यापकांच्या तपासणीविना सोडा. लावील त्याने खाली आपले नाव घालावे, एवढीच अट. निकृष्ट मजकूर येईल ही भीती रास्त आहे. तो ‘शब्द’च्या काळातल्या अनियतकालिकांतही पुष्कळ होता, आणि पंकच्या तबकड्यांत त्याहून अधिक.

या सत्रापासून आम्ही असा फलक सोडला आहे. पहिल्या पंधरवड्यात लागलेल्यांपैकी निम्मे सामान्य आहे. उरलेल्यातला सर्वांत चांगला लेख आमच्या शिकवण्यावर टीका करणारा आहे. तो अजून फलकावर आहे.