ऊर्णनाभाची ओळख

सन २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं चिरंजीवांच्या आग्रहामुळें आम्ही उभयतां जपानांत क्योतो येथें त्यांच्या बिऱ्हाडीं राहिलों होतों. एके दिवशीं सकाळीं टेकडीवरील देवळाकडे जातांना नातू पुढें धांवला आणि वाटेवर आडव्या पसरलेल्या एका जाळ्यांत शिरला. तोंडभर चिकट धागे, आणि सदऱ्याच्या बाहीवर इंचभर अंगाचा कोळी! पाय पसरले तर तळहात व्यापील एवढा. अंगावर पिवळे व निळसर पट्टे, पोटाखालीं मागच्या बाजूस लालभडक डाग. तो डाग पाहतांच सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांचें भय निराधार नव्हतें. ऑस्ट्रेलियांतील एक विषारी कोळी १९९५ सालीं ओसाकाच्या बाजूस प्रथम आढळला व पुढें जपानांत बराच फैलावला. त्याच्या मादीच्या काळ्या पाठीवर लाल पट्टा असतो. "मामंजी, आपण बाजूस व्हा," असें म्हणून त्यांनीं छत्री उगारली.

"थांबा, सूनबाई! अगोदर जाळें पाहा," मी म्हणालों. तो विषारी कोळी गटाराच्या जाळीखालीं, बांकाच्या तळाशीं, जमिनीलगत वेडेंवांकडें जाळें करतो. हें तर डोक्याच्या उंचीवर, चाकासारखें, पुढेंमागें धाग्यांचे पडदे असलेलें, आणि उन्हांत सोन्यासारखें चमकणारें. शिवाय लाल खूण पोटाखालीं, पाठीवर नव्हे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं चारच दिवसांपूर्वीं कुंपणावर हाच प्राणी मला दाखवून 'जोरोगुमो' हें नांव सांगितलें होतें. खरें सांगावयाचें तर आवाज शिक्षकाचा निघाला, हात मात्र कांपत होता. मीं बाहीला एक काटकी लावली. स्वारी संथपणें तीवर चढली व झुडुपांत गेली. हा कोळी सहसा चावत नाहीं, आणि चावला तरी माणसास त्याचें विष फारसें बाधत नाहीं. छत्रीखालीं चिरडला असता तर मात्र चावण्याचा संभव होता.

त्याच मुलखांत पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा आणखी एक कोळी आढळतो. तो जाळ्याच्या मध्यावर नागमोडी पट्टी विणतो, हा विणत नाहीं. आपल्या सह्याद्रीच्या रानांतही याचा एक थोरला भाऊबंद सोनेरी जाळें विणतो. पण घाटांत इतकीं वर्षें हिंडूनही मीं कधीं मान वर करून त्याकडे पाहिलें नव्हतें.

मुंडकोपनिषदांतील ऊर्णनाभीचा दृष्टांत मीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना सांगितला. तंतु बाहेर टाकतो, हें रंगवून सांगें. परत घेतो, हें घाईनें उरकीं, कारण तें मला केवळ अलंकारिक वाटे. दुसऱ्या दिवशीं कुंपणापाशीं उभा राहिलों, तों ती मादी जीर्ण धागे गोळा करून खात होती, व जाळ्याचा तेवढाच अर्धा भाग नव्यानें विणीत होती. कडेला तिचा इवलासा नर अंग चोरून बसला होता.

सायंकाळीं सूनबाई आपण होऊन मुलाला तेथें घेऊन आल्या. छत्री घरींच ठेवली होती.