जॅझच्या रेकॉर्डी आणि हाताशी ठेवायचे पुस्तक

जॅझच्या रेकॉर्डींवरची संदर्भपुस्तके दोन कुळांतली आहेत, आणि संग्रहासाठीची खरेदी फसते ती बहुतेक वेळा या दोन कुळांची गल्लत झाल्यामुळे. पहिले कूळ सूचीचे, म्हणजे डिस्कोग्राफीचे. कोणत्या दिवशी, कोणत्या शहरात, कोण कोण वाजवायला बसले, मॅट्रिक्स नंबर काय, टेक कितवा आणि तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या क्रमांकाच्या तबकडीवर निघाला, एवढेच तिथे असते. वाजवणे कसे झाले याबद्दल सूची चकार शब्द काढत नाही. दुसरे कूळ ‘गाइड’चे. त्यात रेकॉर्ड ऐकलेल्या माणसाचे मत असते, तारे असतात, ‘ही आधी घ्या’ असा सल्ला असतो. सूचीकडे सल्ला मागणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, एवढेच. गाइडकडे पुरावा मागणारा मात्र चुकीची नोंद करून बसतो.

सूचीचे काम आधी सुरू झाले. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हिल्टन श्लेमन यांचे ‘रिदम ऑन रेकॉर्ड’ आले. ७८ च्या तबकडीच्या लेबलवर बहुधा बँडचे नाव तेवढे असे. त्यातला कॉर्नेट कोणाचा, हे कानाने ओळखावे लागे किंवा हयात वादकांना गाठून विचारावे लागे. पुढे ब्रायन रस्ट यांनी १८९७ पासूनचा काळ हाती घेतला. १९६१ मध्ये निघालेली त्यांची सूची १९३१ पर्यंत होती, ती नंतर १९४२ पर्यंत वाढली. त्यापुढचा धागा डेन्मार्कच्या योर्गेन येप्सेन यांनी उचलला. १९९२ पासून कॅनडात टॉम लॉर्ड यांची ‘द जॅझ डिस्कोग्राफी’ खंडाखंडाने निघू लागली, आणि आता ती वर्गणी भरून संगणकावर पाहता येते. प्रत्येक सूची आधीच्या सूचीच्या खांद्यावर उभी असते. त्यामुळे जुनी चूकही नव्या पानावर बिनबोभाट उतरते, हे वापरणाऱ्याने विसरू नये.

सूची कशासाठी लागते, हे चार्ली पार्करच्या ‘को-को’वरून कळते. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी ही रेकॉर्ड झाली. त्या दिवशी ट्रम्पेटसाठी माइल्स डेव्हिस हजर होता, पण ‘को-को’वर ट्रम्पेट वाजते ते डिझी गिलेस्पीचे, पियानोही काही ठिकाणी गिलेस्पीचा, काही ठिकाणी सादिक हकीमचा. पहिला टेक अर्ध्यावर तुटला, कारण ‘को-को’ ज्या गाण्यावर बेतली होती त्या ‘चेरोकी’च्या मूळ चालीत वादक शिरले. तबकडीवर निघाला तो दुसरा टेक. गाइडमध्ये या साऱ्याला एखादी ओळ मिळते. सूचीत टेक वेगवेगळे दिसतात, आणि हातातली प्रत कोणत्या टेकची हे ताडून पाहता येते.

गाइडच्या कुळात सर्वांत वापरले गेलेले पुस्तक म्हणजे रिचर्ड कुक आणि ब्रायन मॉर्टन यांचे ‘पेंग्विन गाइड’. पहिली आवृत्ती १९९२ ची. शीर्षकात तेव्हा सीडी, एलपी आणि कॅसेट अशी तिन्ही नावे होती. वादकांच्या नावांप्रमाणे अकारविल्हे मांडणी, चार ताऱ्यांपर्यंत गुण आणि लेखकद्वयाच्या खास आवडीला मुकुटाचे चिन्ह. शिवाय प्रत्येक रेकॉर्डखाली वादकांची नावे आणि ध्वनिमुद्रणाचा महिना, म्हणजे सूचीचा थोडा गुण गाइडमध्येच. लेखक ब्रिटनमधले असल्याने युरोपातल्या मुक्त शैलीच्या वादकांना यात मिळालेली जागा अमेरिकी गाइडमध्ये सापडत नाही. मात्र दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डींचाच विचार करायचा, हा या पुस्तकाचा नियम. बाजारातून रेकॉर्ड गेली की पुढच्या आवृत्तीतून तिची नोंदही जाई. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत घालणाऱ्याने त्या नोंदी कायमच्या गमावल्या. मुंबईत जन्मलेल्या गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वाची १९६९ ची ‘इंटिग्रेशन’ वर्षानुवर्षे बाजारात नव्हती. अशा रेकॉर्डींना हा नियम फार महाग पडे.

आणखी एक खाचखळगा. कुक २००७ मध्ये वारले. नववी आवृत्ती २००८ ची. त्यानंतर २०१० मध्ये मॉर्टन यांनी पूर्ण केलेले पुस्तक जवळपास त्याच नावाने निघाले, पण ते १००१ रेकॉर्डींतून कालक्रमाने सांगितलेला जॅझचा इतिहास आहे. वाचायला उत्तम. पण कपाटातल्या अनोळखी एलपीची माहिती काढण्यासाठी, ‘सर्वांत नवे तेच घेऊ’ म्हणून ते मागवले तर हात चोळत बसावे लागते.

अमेरिकेच्या ‘ऑल म्युझिक गाइड टू जॅझ’मध्ये अनेक लेखकांचा हात आहे. बाजारातून गेलेल्या रेकॉर्डीही त्यात आहेत, ही जमेची बाजू. वादकांची पूर्ण यादी मात्र दर वेळी मिळत नाही. १९८५ चे ‘रोलिंग स्टोन जॅझ रेकॉर्ड गाइड’ हे एलपींच्या काळातले पुस्तक. एलपींचा साठा असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणावे, नसेल तर सोडून द्यावे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा ओळखीच्या रेकॉर्डवर करावी. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ त्याला सोयीची. ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ असे दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तबकडीवर थोडे चढे लागतात. पियानो घेऊन सोबत वाजवायला बसणाऱ्याला हे लगेच कळते. हा दोष रेकॉर्डच्या १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाला. ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर पियानो विंटन केलीचा आहे, बाकी सर्वत्र बिल एव्हान्सचा. गाइडने चार तारे दिले आणि पियानोवादक एकच सांगितला, तर ते बाजूला ठेवावे. पियानोचा फरक सांगितला तर ते कामाचे. सुराचा दोष आणि रेकॉर्डची कोणती आवृत्ती घ्यावी तेही सांगितले, तर किमतीची घासाघीस न करता घ्यावे.

भारतात ७८ च्या तबकड्या सांभाळणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. टेडी वेदरफोर्डने १९४० च्या दशकात कलकत्त्यात कोलंबियासाठी रेकॉर्डी केल्या, सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतामुळे मराठी श्रोत्यांच्या कानांवरून गेलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यानेही त्याच दशकात कोलंबियासाठी वाजवले. दुकानात मिळणाऱ्या सीडींवर उभे असलेले गाइड इथे उपयोगी पडत नाही, आणि रस्ट यांचा भर अमेरिकी व ब्रिटिश वादकांवर आहे. अशा तबकड्यांसाठी संग्रहाचीच वही लागते: लेबलावरचा क्रमांक, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर आणि त्याच्या मागचा टेकचा आकडा. हा आकडा तिरप्या उजेडात, भिंग लावून वाचावा लागतो.