दीड तासाचे अंतर

मुंबई नागपूरहून विमानाने किती दूर आहे, असे विचारले तर बहुधा ‘दीड तास’ असे उत्तर मिळते. अंतर विचारावे आणि उत्तर वेळेत मिळावे, ही आपल्या बोलण्यातील जुनीच रीत आहे. आपले आजे-पणजेही ‘पहाटे गाडी जुंपाल, तर ऊन तापायच्या आत पोचाल’ असे सांगत. त्या उत्तरात वाटेवरचा चढ, नाला, बैलांचा दम, हे सारे धरलेले असे. दीड तासाच्या उत्तरात मात्र पुष्कळ गोष्टी धरलेल्याच नसतात, असे मला वाटते.

नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर या दोन शहरांमधील अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वेला घाट आणि वाटेवरची गावे पाहून वळावे लागते; म्हणून तिचा मार्ग ८३७ किलोमीटरांचा होतो. उंचावर गेलेले जेट विमान ताशी ८०० किलोमीटरांच्या आसपास उडते. तरीही त्याला दीड तास लागतो. कारण धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, वर चढणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्यासाठी पाळीची वाट पाहणे, हेही त्यात येते. विमानापुरते हे गणित प्रामाणिक आहे. प्रवाशाचे गणित निराळे.

भंडाऱ्याच्या एखाद्या रुग्णास उपचारासाठी मुंबईस जावयाचे आहे, असे समजा. नागपूर साठेक किलोमीटरांवर. परंतु विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराच्या पलीकडच्या अंगाला. तेथवर दोन तास. उड्डाणापूर्वी दोन तास आधी हजर राहावयाचे. मग दीड तास आकाशात, अर्धा तास सामानासाठी आणि निदान एक तास मुंबईच्या रस्त्यांवर. बेरीज सात तासांची झाली! वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर आगगाडीत बसलेला मनुष्य सुमारे पंधरा तासांनी मुंबईस उतरतो. दहापट वाटणारा विमानाचा वेग घरापासून मोजला असता दुपटीवर येतो. दुप्पट वेग थोडा नव्हे, विशेषतः आजारी माणसाला. पण दहापट समजून निघणाऱ्याची वेळ चुकते, आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

आता तोच रुग्ण जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या लाखांदूर तालुक्यातील आहे असे धरा. विमानाचे तास तेवढेच राहतात. वाढतात ते एसटीचे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर किती वाढतील ते सांगवत नाही. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करीत. मोठीच सोय ती! परंतु आकाशातून आलेले पत्रही खेड्यातील दारापर्यंत न्यावयाचे, तर टपालवाल्याची पायपीट चुकत नसे.

म्हणूनच आणखी वेगवान विमानांच्या वार्ता वाचून मी फारसा हुरळत नाही. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला, तरी या प्रवासात फार तर पाऊण तासच वाचेल. तेवढाच वेळ नाल्यावरचा एक उंच पूल किंवा लाखांदूरहून वेळेवर सुटणारी नागपूरची थेट गाडी वाचवू शकेल. आणि तो वेळ विमानाचे तिकीट न परवडणाऱ्यांचाही वाचेल.