शून्य टक्के व्याज, पण फुकट नाही!

दुपारी जेवण आटोपून जरा आडवं व्हावं, तोच फोन वाजतो. "मॅडम, तुमच्या दुसऱ्या बँकेच्या क्रेडिट कार्डाचं बिल आमच्या कार्डावर घ्या. दोन महिने व्याज शून्य!" बिल थकलेलं असेल, तर हे ऐकून कुणालाही हायसं वाटेल. पण हो म्हणण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसू या.

या सोयीला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. नवी बँक तुमच्या जुन्या कार्डाची थकबाकी भरते आणि तेवढी रक्कम तिच्या कार्डावर तुमच्या नावे चढते. आपल्याकडे ही सोय मुख्यतः एका कार्डावरून दुसऱ्या बँकेच्या कार्डावर जाण्यासाठी असते. घराचं किंवा गाडीचं कर्ज सहसा असं हलवता येत नाही. कार्डावर एटीएममधून रोख काढून दुसरं कर्ज फेडायचा विचार तर मनातूनही काढून टाका. त्यावर वेगळं शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

आधी थकबाकीचा खरा खर्च बघा

समजा, कार्डावर ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. साडेतीन हा आकडा छोटा वाटतो, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात! महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८ रुपये. एकूण २,४७८. या महिन्यात तुम्ही ३,००० रुपये भरलेत, तर मूळ रक्कम कमी होते फक्त ५२२ रुपयांनी. बिलावरची 'किमान रक्कम' भरत राहिलं की कर्ज वर्षानुवर्षं का संपत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

आता 'शून्य'चा हिशोब

तेच ६०,००० रुपये नव्या कार्डावर नेले. ६० दिवस व्याज नाही, पण समजा प्रोसेसिंग फी २ टक्के आहे. म्हणजे १,२०० रुपये आणि त्यावर जीएसटी २१६, एकूण १,४१६ रुपये. जुन्या कार्डावर रक्कम तशीच राहिली असती, तर दोन महिन्यांत जवळपास ५,००० रुपये गेले असते. म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास वाचतात. फायदा खरा आहे, पण हे 'शून्य' वर्षाच्या हिशोबाने साधारण १४ टक्क्यांचं पडलं. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात, ते असं.

रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३मध्ये बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते व्याज अनेकदा प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडूनच घेतलं जातं. २०२२च्या नियमांनुसार तर व्याज असलेला ईएमआय 'नो कॉस्ट' म्हणून खपवता येत नाही.

मग घ्यायचं कुणी?

ज्यांना दोन महिन्यांत पैसे येणार हे नक्की माहीत आहे, त्यांनी. बोनस ठरलेला आहे, एफडीची मुदत संपते आहे, भिशीचा नंबर लागणार आहे. 'बघू, होईल काहीतरी' एवढ्याच भरवशावर असाल, तर ६१व्या दिवशी उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज लागेल. मग पुन्हा तिसरं कार्ड, पुन्हा नवी फी. याची टोपी त्याच्या डोक्यावर!

फेडायला वर्ष लागणार असेल, तर वैयक्तिक कर्जाची चौकशी करा. ६०,००० रुपये १६ टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले, तर हप्ता साधारण ५,४४४ रुपये आणि वर्षाचं व्याज सुमारे ५,३२५ रुपये. अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, फक्त प्रोसेसिंग फी आहे का ते विचारा. तेवढेच ५,४४४ रुपये दरमहा जुन्या कार्डावर भरलेत, तर पंधरा महिने लागतील आणि व्याज-जीएसटीत सुमारे २१,७०० रुपये जातील. आणि घरात एफडी असेल तर? सात टक्के मिळवायला ४२ टक्के भरतोय का, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

हो म्हणण्याआधी

• फी, मुदत आणि मुदतीनंतरचा व्याजदर ईमेलवर किंवा अ‍ॅपमध्ये लेखी बघा. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. कार्ड नंबर, ओटीपी फोनवर कुणालाच सांगू नका.

• पैसे जुन्या कार्डावर जमा झाल्याचं दिसेपर्यंत तिथलं बिल वेळेवर भरा.

• नव्या कार्डावर खरेदी करू नका. त्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकतं.

• शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीचा अलार्म आजच लावा.

• जुनं कार्ड रिकामं झालं की मोह होतोच. नको असेल तर बंद करायचा अर्ज द्या. बाकी काही नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला ते बंद करावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच बँकेच्या फॉर्मवर नसते. कार्डाचं बिल ईमेलवर येतं, त्यामुळे घरात दुसऱ्या कुणाला ते दिसतही नाही. नवऱ्याची थकबाकी बायकोला माहीत नसते, नोकरीला लागलेल्या मुलीची आईबाबांना. दोन महिन्यांत ६०,००० फेडायचे, तर घरखर्चाला कात्री लागणारच. मग ज्यांच्या खर्चाला ती लागणार, त्यांना आधी सांगायला नको का? लपवलेलं कर्ज एकट्याने फेडताना माणूस हमखास तिसऱ्या कार्डाकडे वळतो. आज रात्री जेवणं झाली, की बिल उघडा आणि फोन घरच्यांच्या हातात द्या. पहिली पाच मिनिटं अवघड जातील. पण महिन्याला किती बाजूला काढता येईल, हा हिशोब त्यानंतरच खरा लागेल.