बिबळ्याला पिंजरा, उकिरड्याला अभय

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत इमारती चढल्या आणि बिबळ्या दिसताच ओरड होऊ लागली, ‘जनावर वस्तीत शिरले!’ शिरले कोण? कान्हेरीची लेणी कोरली गेली तेव्हाही तिथे रानच होते.

मी शाळामास्तर. मुलांना घेऊन तिथे जातो, तेव्हा झाडांआधी कुंपणालगतचा उकिरडा दाखवतो. उकिरड्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबळ्या येतो. हे चौथीतल्या पोराला उमगते. सोसायटीच्या चिटणिसांना मात्र पिंजराच हवा असतो!

पिंजऱ्याचे फळ आपण भोगलेले आहे. २००४ साली या रानाभोवती बिबळ्यांनी कितीतरी माणसे मारली. दुसरीकडे पकडलेले बिबळे त्या काळात इथे आणून सोडले जात, आणि परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते, याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले. ती ने-आण आवरल्यावर हल्ले ओसरले. २०१५ च्या मोजणीत या टापूत ३५ बिबळे आढळले; त्यांतले बहुतेक आपल्याला कधी दिसतही नाहीत.

‘मास्तर, तुमचे मूल गेले असते तर?’ प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या ऐन दिवाळीत आरे वसाहतीत दीड वर्षाचीही नसलेली मुलगी बिबळ्याने नेली. त्या आईपुढे मी काय बोलणार? पण म्हणूनच विचारतो, पाड्यावर दिवे का नाहीत? बायाबापड्यांना अंधारात झाडीत का जावे लागते? कचरा रोज का उचलत नाहीत? पिंजऱ्यासाठी अर्ज लिहिणाऱ्यांनी आधी हे तीन अर्ज लिहावेत. आणि यंदा फराळाचे उष्टे गॅलरीतून मागच्या रानात भिरकावू नये.